आरशांतील नियमभंग आणि हिग्ज कणांचें कुटुंब

आरसा खोटें बोलत नाहीं, अशी आपली समजूत आहे. उजव्याचें डावें होतें, एवढाच काय तो फरक. कणाच्या जागीं त्याचा प्रतिकण ठेवून तो आरशांत पाहिला, तर त्याचे व्यवहार मूळ कणासारखेच दिसावेत, अशी पदार्थविज्ञानवेत्त्यांचीही श्रद्धा होती. या नियमास ते सीपी-सममिति म्हणतात. १९६४ मध्यें अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथें क्रोनिन व फिच यांनीं दीर्घायुषी के-मेसॉन तपासले, तेव्हां हजारांत सुमारें २ कण हा नियम मोडतांना आढळले.

हजारांत दोन म्हणजे अपवादच, असें कोणी म्हणेल. परंतु अशाच अपवादावर आपलें अस्तित्व अवलंबून आहे. विश्वारंभीं द्रव्य व प्रतिद्रव्य समसमान असून दोहोंचे व्यवहार तंतोतंत सारखे असते, तर त्यांनीं एकमेकांचा नाश केला असता आणि मागें केवळ प्रकाश उरला असता. प्रत्यक्षांत सुमारें एक अब्ज जोड्यांमागें एक द्रव्यकण शिल्लक राहिला. त्यांतून तारे झाले, पृथ्वी झाली, आपण झालों. अशी शिल्लक राहावयास सीपी-भंग अवश्य पाहिजे, हें साखारोव्ह यांनीं १९६७ मध्यें दाखविलें. अडचण अशी, कीं कोबायाशी व मास्कावा यांनीं १९७३ मध्यें सुचविलेला क्वार्कांमधील भंग या हिशेबास फारच तोकडा पडतो.

म्हणून कित्येकांची दृष्टि हिग्ज कणाकडे वळते. २०१२ मध्यें जिनीव्हाजवळील सर्न येथें हिग्ज सांपडला तो एकच. परमसममितीच्या, म्हणजे सुपरसिमेट्रीच्या, सर्वांत साध्या आवृत्तींत मात्र तें पांच जणांचें कुटुंब आहे : दोन विद्युद्भारित, तीन उदासीन. या तिघांपैकीं दोघे सीपीच्या आरशांत जसेच्या तसे राहतात, तिसऱ्याचें चिन्ह उलटतें. प्राथमिक समीकरणांत हा तिसरा सोंवळ्यांत असल्यासारखा दोघांपासून अलग असतो. परंतु टॉप क्वार्काच्या परमसममित जोडीदारांचा सूक्ष्म परिणाम हिशेबांत धरतांच तिघे एकमेकांत मिसळूं शकतात, असें पिलाफ्त्सिस यांनीं १९९८ मध्यें दाखविलें. मग सम कोण व विषम कोण, हेंच सांगतां येत नाहीं! हिग्जचें हें सम-विषम प्रयोगांत कसें ओळखावें, यावर पुण्यांत जन्मलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनीं पुष्कळ काम केलें.

कल्पना मोहक खरी. पण तिच्यावर इलेक्ट्रॉनचा कडक पहारा आहे. असा भंग असेल, तर इलेक्ट्रॉनचा विद्युद्भार किंचित् एका बाजूस कललेला असावा. २०२३ मध्यें अमेरिकेंतील बोल्डर येथील प्रयोगांत तो कल आढळला नाहीं. असलाच तर, एकावर २९ शून्यें मांडून त्या संख्येनें सेंटिमीटरास भागल्यास जी लांबी येईल, तिच्या निम्म्याहूनही तो कमी आहे. परमसममितीचा एकही कण सर्नला अद्याप मिळालेला नाहीं. सिद्धांत मोडला असें म्हणण्याची घाई आम्ही करणार नाहीं. मात्र त्यास राहावयास आतां जिन्याखालचीच जागा उरली आहे. हिग्जच्या विघटनांतून निघणाऱ्या टाउ कणांचे कोन मोजून सर्नच्या संशोधकांनीं तो निखळ विषम नाहीं एवढें ठरविलें आहे. थोड्या भेसळीस अद्याप वाव आहे.