अपडेट अडकले, तेवढ्यात लाइन गेली

पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले की भामरागडचा आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो. त्याच दिवसांत लाइन आणि नेटवर्क यांचाही भरवसा राहत नाही. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा यांच्या संगमावरच्या या गावाला ते नवीन नाही. घरातला संगणक मात्र दुसऱ्याच वेळापत्रकावर चालतो. विंडोजची सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. ती ऐन पावसात उतरू लागली, मध्येच लाइन गेली, की सकाळी पडद्यावर संदेश दिसतो: अपडेट पूर्ण झाले नाही, बदल मागे घेत आहोत.

हा संदेश वाचून बरेच जण संगणक थेट दुकानात न्यायला निघतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. अपडेट टप्प्याटप्प्याने होते. आधी फाइल उतरते. या टप्प्यात लाइन गेली तर नुकसान नाही, नेट आल्यावर उतरणे बहुधा जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते. नाजूक टप्पा त्यानंतरचा. संगणक रीस्टार्ट होतो आणि निळ्या किंवा काळ्या पडद्यावर टक्के मोजले जातात, तेव्हा जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसत असतात. त्या वेळी वीज तुटली तर विंडोज अर्धवट काम मागे फिरवते. ते बऱ्याचदा जमते, कधी जमत नाही. म्हणून ढग भरून आलेल्या संध्याकाळी 'रीस्टार्ट नाऊ' दाबू नये. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावावा. डेस्कटॉपला यूपीएस असेल तर त्याची बॅटरी खरोखर किती मिनिटे टिकते, ते आधीच पाहून ठेवावे. जुन्या हार्ड डिस्कवर टक्के तासभर एकाच आकड्यावर थांबणे नवलाचे नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर बटण दाबू नका.

अपडेट पुन्हा पुन्हा फसत असेल तर सेटिंग्जमधील 'विंडोज अपडेट' उघडून 'अपडेट हिस्टरी' पाहा. तिथे फसलेल्या अपडेटचा केबी क्रमांक आणि चुकीचा कोड मिळतो. कोडच्या शेवटी ८००७००७० असेल तर सी ड्राइव्हमध्ये जागा उरलेली नाही. लग्नाचे व्हिडिओ आणि डाउनलोडचा ढीग दुसरीकडे हलवा, वीसेक जीबी मोकळे ठेवा. दोष दरवेळी आपलाच असतो असेही नाही. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे एक अपडेट असंख्य घरगुती संगणकांवर ८००७०६४३ हा कोड दाखवून फसत राहिले. दुरुस्तीसाठी राखीव असलेल्या छोट्या विभागात २५० एमबी मोकळी जागा त्याला हवी होती आणि अनेक मशीनवर तेवढी नव्हतीच.

जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक कारण सापडते, आणि दुरुस्ती करणारेही ते कधी कधी विसरतात. मदरबोर्डवर नाण्याएवढा घड्याळाचा सेल असतो. तो संपला की प्रत्येक वेळी लाइन गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. मग संगणकाला सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रे खोटी वाटतात आणि अपडेट सुरूच होत नाही. उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहा. सेल फार महाग नसतो.

जागा आणि तारीख ठीक असूनही काम होत नसेल, तर सेटिंग्जमधील विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवा. त्यानेही जमले नाही तर अपडेटची सेवा थांबवून सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधील 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' या फोल्डरचे नाव बदला. अर्धवट उतरलेला माल बाजूला पडतो आणि सगळे नव्याने उतरते. त्यात आपली छायाचित्रे किंवा कागदपत्रे नसतात.

मोबाइल हॉटस्पॉटवर हे सगळे करायचे तर एका दिवसाचा डेटा सहज संपतो. वायफायच्या गुणधर्मांत ते कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवा, म्हणजे बहुतेक मोठी अपडेट न विचारता उतरणार नाहीत. त्याहून चांगली सोय म्हणजे मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग. आलापल्लीला किंवा गडचिरोलीला कुणी जात असेल तर केबी क्रमांक कागदावर लिहून द्या. चांगल्या नेटवर ती फाइल पेनड्राइव्हवर आणता येते आणि घरी नेटशिवाय बसवता येते. मासिक अपडेटमध्ये मागची अपडेटही सामावलेली असतात. विंडोजची आवृत्ती तीच असेल तर चार महिने चुकले तरी शेवटचे एकच बहुधा पुरते. आपली आवृत्ती 'विनव्हर' लिहिल्यावर कळते. फाइल तिच्याशी जुळणारीच घ्या, आणि ती मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून घ्या. 'दुरुस्ती टूल' म्हणून फुकट वाटली जाणारी सॉफ्टवेअर टाळा.

संगणक सुरूच होत नसेल तर? सुरू करण्याचे दोन-तीन प्रयत्न फसले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथे 'ट्रबलशूट', मग प्रगत पर्यायांत 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते. काही संगणक या वेळी ४८ अंकी बिटलॉकर की मागतात. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण पुलावर पाणी आणि नेट बंद असताना खाते उघडणार कसे? ती आताच वहीत उतरवून ठेवा. जातीचे दाखले, सातबारा आणि मुलांच्या गुणपत्रिका यांचीही एक प्रत पेनड्राइव्हवर असू द्या.

एवढ्या त्रासापेक्षा अपडेट कायमचे बंद करणे सोपे, असे म्हणणारे भेटतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या विषाणूने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचे संगणक ठप्प केले. रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या, काही रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मार्चमध्येच निघाले होते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठरवलेली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. टीपीएम आहे का, ते 'टीपीएम डॉट एमएससी' लिहून दोन मिनिटांत पाहता येते, आणि त्यासाठी नेट लागत नाही.