तिथीचे पाऊणपट

उत्तन किंवा पाचूबंदरच्या एखाद्या वृद्ध कोळणीला भरतीची वेळ विचारावी. घड्याळाकडे न पाहता ती आधी तिथी विचारील. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमीला सुमारे ६ वाजता, एकादशीला सव्वाआठला; सकाळी तसेच सायंकाळी.

चंद्राच्या आकर्षणाने समुद्र फुगतो, हे मुले शाळेत पाठ करतात. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच मागे सरते. आजीचा पाऊण तास तो हाच, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगते.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार चढते, तसे फार उतरतेही. कालवे काढणाऱ्या बाया तेव्हाच दूरच्या खडकांपर्यंत जातात. तेथे वेळ चुकली, तर परतीची वाट पाण्याखाली जाते.

आजीचा हिशेब ढोबळ आहे. अर्धाएक तास इकडेतिकडे व्हायचाच, आणि वारा तर तो पार मोडतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीच्या नोंदी आहेत. भारतीय सर्वेक्षण विभाग भरतीची कोष्टके छापतो. शिक्षकांनी मुलांकडून महिनाभर वहीत तीन वेळा लिहून घ्याव्यात : आजीची, कोष्टकातील, आणि धक्क्याला पाणी खरोखर टेकले ती.