वारणा वायर्ड व्हिलेज

वारणा वायर्ड व्हिलेज हा महाराष्ट्रातील वारणा नदीच्या खोऱ्यात राबविण्यात आलेला ग्रामीण संगणकीकरणाचा प्रकल्प होय. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांचा समावेश होता. खर्चाचा ५० टक्के वाटा केंद्र शासनाने, ४० टक्के राज्य शासनाने व १० टक्के वारणेच्या सहकारी संस्थांनी उचलला; उभारणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केली.

स्वरूप

गावोगावच्या केंद्रांत संगणक बसवून शेतीविषयक माहिती, बाजारभाव, शासकीय योजना इत्यादी सेवा पुरविण्याचा उद्देश होता. प्रत्यक्षात त्यांचा वापर मुख्यतः साखर कारखान्याच्या कामापुरता राहिला. ऊसलागवडीची नोंद, तोडीचा क्रम, वजनकाट्यावर भरलेले वजन, खताची उधारी आणि बिल एवढेच सभासदाला हवे होते. त्यातही संगणकाला वीज आणि सततची देखभाल लागे.

वारणा अनवायर्ड

मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी भ्रमणध्वनी वापरून पाहिला. एसएमएसने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मध्यवर्ती यंत्रणेकडून एसएमएसनेच मिळे. जुन्या प्रणालीची सर्व कामे तीत होत. शिवाय ती स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत ठरली. राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंटारो तोयामा यांचा यासंबंधीचा शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या दृष्टीने

१९६८ च्या गार्मिश परिषदेपासून ही विद्याशाखा नावारूपाला आली. प्रणाली ठरलेल्या आराखड्यानुसार बनली का, हे तपासण्याची तंत्रे तिने बरीच विकसित केली आहेत. मुळात योग्य प्रणाली बनविली का, हा प्रश्न अधिक बिकट आहे; प्रयोगशाळेत त्याचे उत्तर मिळत नाही. वारणेत जुनी प्रणाली बंद पडलेली नव्हती, तरी तिच्यामागची गृहीतके अपुरी होती. दरम्यान खेड्यांत भ्रमणध्वनी पोहोचल्याने परिस्थितीही पालटली. वापरातील सॉफ्टवेअर भोवतालाबरोबर सतत बदलावे लागते, हा मॅनी लेहमन यांचा नियम येथे लागू पडतो.

नव्या माध्यमाच्या मर्यादाही होत्याच. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतील १६० अक्षरे मावतात; युनिकोड देवनागरीत ही मर्यादा ७० चिन्हांची असून काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हेही त्यातच मोजली जातात.