एहिपस्सिको : बालकांची चित्रपुस्तके का टिकतात?

धम्माच्या गुणांचे वर्णन करताना ‘एहिपस्सिको’ हा शब्द आपण वंदनेत नित्य उच्चारतो. ‘ये आणि स्वतः पाहा’ हा त्याचा आशय. हा आग्रह बालकाच्या पहिल्या पुस्तकालाही लागू पडतो. दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असलेली काही चित्रपुस्तके पन्नास-साठ वर्षे उलटली तरी पिढ्यानपिढ्या वाचली जात आहेत. याचे कारण त्यांच्यातील उपदेशात नसून, ती बालकाला स्वतः पाहू देतात, यात आहे.

प्रथम चित्रपुस्तक म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. घरोघरी असणाऱ्या अंकलिपीत चित्र अक्षराच्या सेवेत असते. ‘ग’ ओळखता आला की गवताच्या चित्राचे काम संपते. चित्रपुस्तकात मात्र अर्धी कथा शब्दांत व अर्धी चित्रांत असते. मोठे माणूस शब्द वाचीत असताना मूल चित्र वाचीत असते आणि पुष्कळदा मोठ्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट त्यालाच आधी दिसते.

ही कथनपद्धती आपल्याला परकी नाही. मध्य प्रदेशातील भारहुत येथील स्तूपाच्या कठड्यावर इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास जातककथा कोरल्या गेल्या. त्यांतील महाकपी जातकाच्या वर्तुळाकार शिल्पात वानरराज आपल्या देहाचा पूल करून सोबत्यांना पलीकडे नेतो. खाली माणसे त्याला झेलण्यासाठी वस्त्र ताणून उभी आहेत. आणि त्याच वर्तुळात तो राजाशी बोलत बसलेलाही दिसतो. एकच पात्र दोनदा का दिसते, हे पाहणाऱ्याने स्वतः उलगडावयाचे असते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात षड्दंत व वेस्संतर जातकांच्या कथा अशाच भिंतींवर रंगविल्या आहेत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही त्या वाचता येतात. जातकांतील पूर्वजन्माची चौकट बुद्धिवादी वाचकास मान्य होणार नाही. परंतु बालकाच्या मनात ती चौकट राहत नाही, राहतो तो देहाचा पूल.

दिल्लीच्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टने प्रकाशित केलेले ‘महागिरी’ हे पुस्तक याच जातीचे. हेमलता यांच्या या कथेला पुलक बिश्वास यांची चित्रे आहेत. महागिरी नावाचा हत्ती खड्ड्यात खांब उभा करण्यास नकार देतो, माहूत त्याला मारतो, तरी तो हलत नाही. कारण खड्ड्यात मांजराचे पिलू असते. करुणा म्हणजे काय, याची व्याख्या येथे द्यावी लागत नाही. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या खादाड सुरवंटाच्या पुस्तकात तर पानांनाच छिद्रे आहेत. सुरवंटाने फळ कोठे कुरतडले, हे मूल बोट घालून पाहते. हे पुस्तक साठांहून अधिक भाषांत गेले आहे.

मूल तेच पुस्तक पुनःपुन्हा मागते, याचा पालकांना कंटाळा येतो. वस्तुतः ही पुनरावृत्ती व्यर्थ नसते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा त्याच गोष्टी पुनःपुन्हा ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द अधिक चांगले लक्षात राहिले.

तथापि, पुस्तकात पाहणाऱ्या मुलाला तेथे कोण दिसते, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली तीन वर्षांतील पाच हजारांहून अधिक बालपुस्तकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी केवळ ६.७ टक्के पुस्तकांत कृष्णवर्णीय व्यक्ती होती. त्याआधी, १९६२ मध्ये, एझ्रा जॅक कीट्स यांनी ‘द स्नोई डे’ हे पुस्तक काढले. त्यात पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा लाल पोशाख घालून बर्फात खेळतो आणि बर्फाचा गोळा खिशात ठेवून घरी आणतो. तो अर्थातच वितळतो. पीटरवर अन्याय होत नाही, त्याला कोणी उपदेशही करीत नाही. तो फक्त मूल आहे. २०२० साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या १२५ वर्षांच्या इतिहासात सर्वाधिक वेळा वाचनास नेलेले पुस्तक म्हणून याचेच नाव जाहीर केले. ही संख्या ४,८५,५८३ होती.

यातून आपण बोध घ्यावा. आपल्या चळवळीने मुलांच्या हाती महापुरुषांची चरित्रे दिली, हे योग्यच झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ हे २०११ सालचे चित्रग्रंथरूप पुस्तक, दुर्गाबाई व सुभाष व्याम यांच्या परधान गोंड शैलीतील चित्रांसह, मोठ्या मुलांनी अवश्य वाचावे. परंतु तीन वर्षांच्या मुलाने पुस्तकात स्वतःला प्रथम पाहावे ते सोसणाऱ्याच्या रूपात नव्हे, तर खेळणाऱ्याच्या रूपात.

मराठीत हा मार्ग माधुरी पुरंदरे यांनी रुंद केला. त्यांच्या ‘राधाचं घर’मध्ये रोजच्या घरातील माणसेच कथेचा विषय झाली आहेत. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आता याहून पुढे गेले पाहिजे. दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर मार्गालगत असलेल्या कासुर्डीसारख्या गावातील मुलाला उसाचे फड, लांब पल्ल्याच्या मालमोटारी आणि आपल्या वस्तीतील अंगण पुस्तकात दिसले, तर पुस्तक ही वस्तू आपलीही आहे, हे कोणी न सांगता त्याला उमगेल.

विहारांच्या ग्रंथालयांनी यासाठी मोठा खर्च करण्याची आवश्यकता नाही. एक खालचा फळी-कप्पा मुलाच्या हाताला येईल असा ठेवावा. पाने फाटतील या भयाने पुस्तके कुलपात ठेवू नयेत. फाटलेले पान चिकटविता येते. रविवारच्या बालसंस्कार वर्गात एक पुस्तक वाचावे आणि पान उलटण्यापूर्वी ‘तुला काय दिसते?’ एवढेच विचारावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये. ज्या मुलाला लहानपणी स्वतः पाहण्याची मुभा मिळते, तेच पुढे ऐकलेले तपासून घेते.