फोर्ट केसी : लपणाऱ्या तोफा आणि हिरवळ

'किल्ला' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे तट, बुरूज व महादरवाजा उभे राहतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, व्हिडबी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फोर्ट केसी ह्या किल्ल्यात यांपैकी काहीच नाही. समुद्रावरून पाहणाऱ्यास तेथे गवताने आच्छादलेला एक उतार तेवढा दिसतो. आज त्या गवतावर कुटुंबे शिदोरी सोडून बसतात, मुले पतंग उडवितात. लष्करी स्थळाचे उद्यान झाले म्हणून ही हिरवळ तेथे आली, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो चुकीचा आहे. हिरवळीखालील मातीचा जाड थर हेच त्या किल्ल्याचे चिलखत होते. शत्रूच्या गोळ्याचा आघात मातीने शोषून घ्यावा व तिच्यामागील काँक्रीटच्या मोर्चांना धक्का लागू नये, अशी ती योजना होती.

ह्या योजनेचे मूळ १८८५ साली नेमलेल्या एंडिकॉट मंडळाच्या कार्यात आहे. अमेरिकेची किनारपट्टी नव्या पोलादी युद्धनौकांपुढे निष्प्रभ ठरेल, असा निष्कर्ष ह्या मंडळाने १८८६ मध्ये मांडला. सिॲटल, टकोमा ही बंदरे व ब्रेमर्टन येथील नौदलाची गोदी प्यूजेट साउंड ह्या अंतर्गत समुद्रात आहेत, आणि तेथे जावयाची मुख्य वाट म्हणजे ॲडमिरल्टी इनलेट ही चिंचोळी खाडी. तिच्या मुखाशी केसी, वर्डन व फ्लॅगलर असे तीन किल्ले त्रिकोणाच्या तीन कोनांवर बांधण्यात आले. केसीचे बांधकाम १८९७ मध्ये सुरू झाले. ज्या उंचवट्यावर तोफा बसवावयाच्या, तेथेच १८६१ पासून एक दीपगृह होते. ते हलवावे लागले व त्याच्या ऐवजी १९०३ मध्ये नवे उभारले गेले.

येथील मुख्य शस्त्र म्हणजे दहा इंची 'लपणारी' तोफ. तिची रचना समजून घेतल्याखेरीज ह्या स्थळाचा अर्थ लागत नाही. तोफेची नळी दोन भक्कम तरफांच्या वरच्या टोकांवर बसविलेली असे. खालच्या टोकांना खड्ड्यात लोंबणारे प्रचंड वजन जोडलेले असे. कठड्याआड तोफ भरून झाली की खटका सोडावा. वजन खाली जाई आणि नळी कठड्याच्या वर येई. सुमारे सहाशे पौंडांचा गोळा सुटताच मागे बसणाऱ्या धक्क्याने नळी पुन्हा खाली येई व वजन वर उचलले जाई. म्हणजे तोफेचा धक्का वाया न जाता पुढच्या उचलीसाठी साठविला जाई. शत्रूला तोफ काही क्षणच दिसावयाची. युद्धनौकेच्या डेकवर वरून मारा करण्यासाठी बारा इंची उखळी तोफांची वेगळी ठाणी मागील बाजूस होती.

ह्या चातुर्यातच तिचा दोषही होता. तरफांच्या रचनेमुळे नळी फार उंच कलविता येत नसे. साहजिकच पल्ल्यास मर्यादा पडे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील युद्धनौका त्या पल्ल्याबाहेरून मारा करू शकत होत्या. शिवाय मोर्चे वरून उघडे होते, आणि नवे दीपगृह उभे राहिले त्याच १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले. शत्रूवर एकही गोळा न टाकता किल्ला कालबाह्य झाला. त्याच्या जुन्या तोफा उतरविल्या गेल्या व त्यांचे पोलाद मोडीत निघाले. १९५० नंतरच्या दशकात मोर्च्यांचा भाग राज्याच्या उद्यान विभागाकडे आला, तर बराकींचा भाग सिॲटलमधील एका महाविद्यालयाने घेतला.

येथे एक अडचण उद्भवली. तोफेविना हे मोर्चे म्हणजे काँक्रीटचे रिकामे हौद. त्यांचा उपयोग काय होता, हे नुसते पाहून कळणे अशक्य. ह्या प्रश्नाचे उत्तर प्रशांत महासागराच्या पलीकडे मिळाले. १८९८ मध्ये फिलिपीन्स अमेरिकेच्या ताब्यात आल्यानंतर सूबिक उपसागराच्या मुखाशी, ग्रांदे बेटावर, फोर्ट विंट हा ह्याच जातीचा किल्ला बांधला गेला होता. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकी सैन्याने तो सोडला. तोफा मात्र जागीच राहिल्या. त्यांपैकी दोन दहा इंची व दोन तीन इंची तोफा १९६८ मध्ये व्हिडबी बेटावर आणून बसविण्यात आल्या. केसीच्या स्वतःच्या तोफा स्वदेशात होत्या म्हणून वितळल्या. ह्या सोडून दिल्या गेल्या म्हणून वाचल्या!

संरक्षणशास्त्राच्या दृष्टीने ह्या उपायाचे मोल वादातीत आहे. जागेवर बसविलेल्या तोफेजवळ उभे राहिल्यावर तरफ, वजनाचा खड्डा व कठडा यांचा संबंध जसा ध्यानी येतो, तसा आकृतीवरून येत नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने एक अपुरेपण राहते. ज्या तोफांनी शत्रूचे येणे खरोखर अनुभवले, त्या एका अशा किल्ल्यात उभ्या आहेत की जेथे शत्रू कधी आलाच नाही. आणि ज्या वसाहतीच्या रक्षणासाठी त्या बसविल्या गेल्या, तिचा मागमूस ह्या हिरवळीवर नाही. तोफेच्या मूळ ठिकाणाची नोंद वाचणारा प्रेक्षकच ग्रांदे बेटापर्यंत पोहोचतो. इतरांच्या लेखी ती केसीचीच तोफ ठरते.