संत्र्यावर मेण चढवण्याआधी हा हिशोब मांडा

फळं टिकवण्यासाठी नैसर्गिक कोटिंग लावायचा विचार असेल, तर मशीनची चौकशी करण्याआधी हे वाचा.

कोटिंग हे बुरशीवरचं औषध नव्हे. मधमाशीचं मेण, लाख किंवा कार्नोबा मेण यांचा पातळ थर फळातलं पाणी उडू देत नाही, फळाचा श्वास मंदावतो, म्हणून ते उशिरा सुकतं. पण आत शिरलेली बुरशी वरच्या मेणाने मरत नाही.

नागपुरी संत्र्याचंच बघा. साल सैल आणि नाजूक. हिरवी बुरशी जखमेतूनच आत जाते. तोडताना हिसका दिला की देठाजवळ साल फाटते, झालं! म्हणून कात्रीने आखूड देठ ठेवून कापा, क्रेटमध्ये फळं आपटू नका, डागी फळं तिथेच बाजूला काढा आणि धुतलेला माल पूर्ण कोरडा करा. हे न करता कोटिंग करणारे पैसे वाया घालवतात, स्पष्टच सांगतो.

आता हिशोब. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे घाला. समजा 100 किलोमागे 8 किलो सडतात, दर 50 रुपये. नुकसान 400 रुपये. कोटिंगचा मजुरीसकट खर्च किलोला 3 रुपये, म्हणजे 300. सडणं निम्म्यावर आलं तर वाचले फक्त 200! वजनातली घट 2 किलोंनी कमी झाली तर आणखी 100. म्हणजे कशीबशी बरोबरी. दूरच्या बाजारात माल पाठवणाऱ्याला हे परवडेल, दोन दिवसांत गावातच विकणाऱ्याला नाही.

खात्री हवी तर एकाच तोडीची 60 फळं घ्या. 20 तशीच, 20 धुऊन सुकवलेली, 20 कोटिंग केलेली. दर पाच दिवसांनी वजन करा, सडकी मोजा, एखादं खाऊनही बघा. थर जाड झाला तर फळ आतून गुदमरतं आणि दारूसारखा वास येतो.

कोरफडीचा गर घरी करून बघायचा असेल, तर पान कापून आधी पिवळा कडू चीक निथळू द्या. गर स्वतःच लवकर खराब होतो, रोज ताजा काढा.

कायटोसान बुरशीला रोखतं, पण ते बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं. शाकाहारी गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा. मेण लावलेल्या फळाच्या लेबलवर मेणाच्या नावासकट तसं लिहिणं तर अन्नसुरक्षा नियमांनी बंधनकारकच आहे.