अंतर्गळ : एक लपविलेली व्याधि

ज्या व्याधीविषयीं आम्ही आज लिहिणार आहों, तिचें नांव चारचौघांत काढण्याचा प्रघात आपल्या घरांत नाहीं. ताप, संधिवात, मधुमेह यांची चर्चा माजघरापासून ओसरीपर्यंत चालते. पण जांघेंत आलेली गांठ पुरुषमाणूस पत्नीपासूनहि लपवितो. आम्हींहि ती दोन वर्षें लपविली. स्नान करतांना उजव्या जांघेंत सुपारीएवढा उंचवटा हातास लागे. निजलें म्हणजे तो नाहींसा होई, आणि सकाळीं उभें राहतांच पुनः हजर. वायु असेल, अशी आम्ही मनाची समजूत घालीत असूं. सुनांचा वावर असलेल्या घरांत असली गोष्ट बोलावी तरी कोणाशीं?

आमच्या थोरल्या बंधूंनाहि हीच गांठ होती, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. एके रात्रीं ती दगडासारखी घट्ट झाली, आंत जाईना. ओकाऱ्या सुरू झाल्या, वारा सरेना. घरच्या मंडळींनीं ओवा, हिंग, शेक असे उपाय पहाटेपर्यंत केले. कारण मूळ दुखणें काय, हें बंधूंनीं कोणास सांगितलेंच नव्हतें. रुग्णालयांत पोंचेपर्यंत आंतड्याचा वीतभर भाग काळा पडला होता, तो कापून काढावा लागला. ते वांचले, परंतु सव्वा महिना अंथरुणास खिळून होते. वहिनींनीं आम्हांस विचारलें, "भावोजी, तुम्हांला तरी ठाऊक होतें का हो?" त्या रात्रीं घरीं येऊन आम्हीं चिरंजीवांस आपली गांठ दाखविली.

पोटाची भिंत म्हणजे थरावर थर देऊन विणलेलें एक वस्त्रच आहे. गर्भावस्थेंत पुरुषाचे वृषण पोटांतून खालीं उतरतात व त्यांच्या वाटेची एक नळी जांघेंत मागें राहते. त्या जागीं वस्त्र विरलें कीं पोटांतील चरबी अथवा आंतडें बाहेर डोकावतें. म्हणूनच शंभर पुरुषांपैकीं सुमारें २७ जणांस आयुष्यांत केव्हां तरी ही व्याधि जडते. स्त्रियांत हें प्रमाण अवघें ३ च्या आसपास आहे. सुश्रुतानें वृद्धीचे सात प्रकार सांगितले असून त्यांत अंत्रवृद्धीचें वर्णन मोठें यथातथ्य आहे. दाबली असतां आवाज करीत वर जाणारी, सोडली असतां पुनः फुगणारी. ओझें वाहिल्यानें, बलवानाशीं झुंजल्यानें, झाडावरून पडल्यानें होणारी. जन्मभर संस्कृत शिकविलें, पण हा भाग आम्हीं उघडला तो गांठ आल्यावर! सुश्रुतानें ही व्याधि असाध्य म्हटली आहे.

ती साध्य झाली ती इटलींतील पादुआ येथील बास्सिनी यांच्या टांक्यांनीं. त्यांनीं आपली पद्धति १८८७ सालीं मांडली. परंतु दोन कडा ओढून शिवल्या कीं शिवणीवर ताण येतो आणि ती उसवते, हें कोणतीहि गृहिणी सांगेल. म्हणून लॉस एंजेलिस येथील लिख्टेनश्टाइन यांनीं १९८० नंतरच्या दशकांत कडा न ओढतां जाळीचें ठिगळ लावण्याची पद्धति रूढ केली. आज बहुतेक ठिकाणीं जाळीच वापरतात. ती वरून चिरा घेऊन बसवितां येते, किंवा तीन लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साह्यानें आंतून. दुर्बिणीनें वेदना कमी होतात व माणूस लवकर कामास लागतो. दोन्ही बाजूंस गांठ असल्यास, तसेंच स्त्रियांस, हीच पद्धति सोयीची. मात्र तींत बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते व शस्त्रवैद्याचा हात त्या कामांत मुरलेला असावा लागतो. चिऱ्याची शस्त्रक्रिया जागा बधिर करूनहि होते. आमचें हृदय थोडें नाजूक असल्यानें आम्हीं तीच पत्करली.

या जाळीच्या इतिहासांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. विकतची जाळी महाग पडते म्हणून धुळे जिल्ह्यांतील दोंडाईचे येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं चक्क मच्छरदाणीचें कापड निर्जंतुक करून वापरलें आणि २००३ सालीं त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. पुढें युगांडांत अशाच स्वस्त जाळीची ३०२ पुरुषांवर विकतच्या जाळीशीं तुलना झाली. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षअखेर स्वस्त जाळीच्या गटांत एकाचीच गांठ पुनः आली, दुसऱ्यांत कोणाचीच नाहीं. पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनीं तर जाळीच टाळली. रोग्याच्याच स्नायुपटलाची पट्टी जागेवर शिवण्याची त्यांची पद्धति २००१ सालीं प्रसिद्ध झाली. पोलंडांत २०८ रोग्यांवर ती जाळीशीं ताडून पाहिली, तेव्हां तीन वर्षांत दोन्ही गटांत प्रत्येकीं दोघांचीच गांठ परतली.

आतां, गांठ दिसतांच धांव घ्यावी काय? अमेरिकेंत ७२० पुरुषांवर झालेल्या अभ्यासांत (२००६) असें आढळलें कीं, त्रास नसलेल्या गांठीची आंतडें अडकण्याची भीति हजारांत वर्षाला दोनांहूनहि कमी असते. त्यामुळें वैद्याच्या नजरेखालीं थांबणें हा वेडेपणा नव्हे. तथापि थांबलेल्यांपैकीं सुमारें ६८ टक्के पुरुषांनीं दहा वर्षांच्या आंत शस्त्रक्रिया करून घेतलीच, बहुतेकांनीं दुखूं लागलें म्हणून. थांबणें आणि लपविणें यांत मात्र अंतर आहे. स्त्रियांनीं तर थांबूंच नये. त्यांच्यांत आंतडें अडकण्याचा संभव अधिक. पट्ट्यानें गांठ दबते, बरी होत नाहीं. गांठ एकाएकीं घट्ट होऊन दुखूं लागली, लाल झाली, ओकाऱ्या आल्या, तर घरगुती उपचारांत एक घटकाहि दवडूं नये.

शस्त्रक्रियेपूर्वीं जुनाट खोकला, मलावरोध व लघवीची अडचण यांचा बंदोबस्त करावा, धूम्रपान सोडावें, आणि रक्त पातळ करणारीं औषधें चालूं असल्यास तीं वैद्यास आधीं सांगावीं. आमची शस्त्रक्रिया तासाभरांत आटोपली. सायंकाळीं परिचारिकेनें उठवून चालविलें, तेव्हां आम्हांस तिचा रागच आला. दुसऱ्या दिवशीं घरीं आलों, तों सौभाग्यवतींनीं महिनाभराच्या अंथरुणाची सिद्धता करून ठेवलेली! हल्लीं वैद्य असें करूं देत नाहींत. जें सोसेल तें करावें, आणि बहुतेकांस तीन ते पांच दिवसांत नित्याचे व्यवहार जमूं लागतात. जड ओझीं कधीं उचलावीं, हें ज्यानें टांके घातले त्यालाच विचारावें. आमची त्वचा निळसर झाली, सूज आली व ती ओसरली. खोकतांना जखमेवर उशी दाबून धरावी, हा उपाय आम्हांस फार उपयोगी पडला. शंभरांपैकीं दहाबारा जणांस कांहीं महिन्यांनंतरहि दुखत राहतें, हें मात्र कोणी आधीं सांगत नाहीं. आम्हांस दुखत नाहीं, परंतु तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे.

शौचास जोर होऊं नये म्हणून रोज रात्रीं इसबगोल घेणें होतें. तिसऱ्या दिवशीं धाकट्या सूनबाईंनीं चहा ठेवतां ठेवतां विचारलें, "बाबा, आज पोट साफ झालें ना?" आम्ही मान खालीं घालून "हो" म्हणालों, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं पुनः विचारलें.

गेल्या आठवड्यांत बंधूंचे धाकटे चिरंजीव घरीं आले. ओसरीवर चार माणसें बसलेलीं होतीं, तरी सरळ म्हणाले, "काका, जरा आंत येतां? एक गांठ दाखवायची आहे."